लहान खारी टाकी: सुरुवातीला एवढेच सांभाळा

समुद्री मासे पाळायच्या साठ लिटरच्या टाकीला जिवंत खडक (पाणी शुद्ध करणारे जिवाणू वसलेला समुद्री खडक), प्रवाहासाठी छोटा पंप, हीटर आणि बरा दिवा पुरतो; स्किमरचा (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा) विचार आत्ता नको. नवशिक्यांची नेहमीची चूक अशी, की पातळी उतरली म्हणजे ते खारे पाणी ओततात. परंतु पाणी उडून जाते आणि मीठ मागेच राहते, म्हणून काचेवर खूण करून रोज तिथपर्यंत आरओचे गोडे पाणीच घालावे आणि खारटपणा मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर १.०२५ च्या आसपास आकडा टिकवावा. उन्हाळ्यात पाण्यावर पंखा लावलात, तर ही भर वाढेल.

माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत मासे आणू नका, मग दुकानदार काहीही सांगो. त्यानंतरही एका क्लाउनफिशवर काही महिने समाधान मानावे, आणि दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलताना आदल्या दिवशी कालवून ठेवलेले खारे पाणी वापरावे.