जांभई देताना येतात ते अश्रू की पाणी?

प्रश्न असा आहे: 'जांभया देता देता तिच्या डोळ्यांत अश्रू आले' हे एका कथेतलं वाक्य खटकतं. ते चूक आहे का? आणि न रडता येणाऱ्या पाण्याला मराठीत वेगळा शब्द आहे का?

चूक म्हणता येणार नाही, पण मी तसं लिहिणार नाही. वेगळा शब्दही नाही. मराठीने ते काम बरंचसं प्रत्ययावर भागवलंय. जुनं पत्र वाचून डोळ्यांत पाणी येतं, कांदा चिरताना डोळ्यांतून येतं. डोळे आलेला माणूसही 'डोळ्यांतून पाणी येतंय' असंच सांगतो. हा काही काटेकोर नियम नव्हे, 'कांद्याने डोळ्यांत पाणी आलं' घरोघरी ऐकू येतं. पण तिथे कांद्याचं नाव घ्यावं लागतं. नुसतं 'डोळ्यांत पाणी आलं' म्हणून बघा, समोरचा काळजीने 'काय झालं?' विचारेल.

अश्रू (आणि त्याची घरगुती भावंडं आसू, आसवं) आपण ढाळतो, गाळतो, पुसतो. तिथे कुणीतरी दुखावलेलं असतं. जांभईत तसं कुणी नाही. चेहऱ्याचे स्नायू आवळले जातात, डोळे घट्ट मिटतात, अश्रुग्रंथीवर दाब पडतो आणि पाणी कडेला साचतं, इतकंच. कांद्याची तऱ्हा निराळी. चिरताना पेशी फुटून गंधकयुक्त वायू तयार होतो, तो बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातल्या मज्जातंतूंना झोंबतो आणि मेंदूच्या तळाकडून ग्रंथीला परस्पर हुकूम सुटतो: धुऊन काढ! पाठ्यपुस्तकातली 'प्रतिक्षिप्त क्रिया' ती हीच.

आता कुणी म्हणेल, मग अश्रुधूर कसा? बरोबर आहे, त्या धुराने कुणाला दुःख होत नाही, डोळे झोंबतात. पण परिभाषेत अश्रू म्हणजे फक्त द्रव. याची कमाल वैद्यकात दिसते. चेहऱ्याच्या लकव्यानंतर मज्जातंतू पुन्हा वाढताना कधी वाट चुकतात. लाळग्रंथीकडे जायचे ते अश्रुग्रंथीला जाऊन मिळतात आणि घास घेतला की एक डोळा वाहू लागतो. डॉक्टर याला 'मगरीचे अश्रू' म्हणतात. आपले नक्राश्रू म्हणजे ढोंग. या बिचाऱ्या रुग्णाला तर ढोंग करायची सोयही नसते.

कथेतल्या वाक्यासाठी 'डोळे पाणावले' सुचवणार होतो, पण तेही हळवं होतं. मला 'सुटणे' आवडतं. घाम सुटतो, कंप सुटतो, चिंच बघून तोंडाला पाणी सुटतं. यातलं काहीच आपल्याला विचारून होत नाही. म्हणून: 'जांभया देता देता तिच्या डोळ्यांना पाणी सुटलं.'