दोन जुन्या बोटींतून एक निवडताना

लांबी, रंग, गाद्या तूर्त विसरा. मोठी बोट स्वस्तात मिळतेय म्हणून ती घेणं ही नवख्यांची नेहमीची चूक. इंधन, दुरुस्ती, ठेवायची जागा, सगळंच वाढतं. तुम्ही आधी एवढं बघा:

- इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावा. तुम्ही पोचायच्या आत ते गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. गरम इंजिन दुखणी लपवतं. मेकॅनिककडून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजून घ्या. आकड्यांत मोठा फरक नको.
- ट्रान्सम, म्हणजे जिथे इंजिन टांगतात तो मागचा भाग, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. आवाज बद्द आला किंवा डेक पायाखाली दबला, तर आतलं लाकूड बहुधा कुजलंय. अशी बोट किंमत उतरली तरी सोडा.
- पाण्यात चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

चाचणीला घरच्यांनाही न्या. मुलं कुठे बसतात, कठडा त्यांना पुरेसा उंच आहे का, पाण्यातून शिडीने वर येता येतं का, हे तिथेच कळतं. मुलांची लाइफ जॅकेट त्यांच्या वजनानुसार घ्या, मोठ्यांची चालत नाहीत.

दोन्ही पास झाल्या तर लहान घ्या. पहिल्या वर्षी धक्क्याला लावायला तीच सोपी जाईल.