टॉवरवरचा लाल दिवा बंद दिसला तर बेळगावात कुणाला कळवायचं?

मुतग्याजवळच्या टॉवरचा वरचा लाल दिवा आठवडाभर बंद आहे, सांगायचं कुणाला, असं तुम्ही विचारलंय. मी याच पट्ट्यात टॉवरच्या देखभालीचं काम करतो.

आधी गेटवरची पाटी बघा. साइट आयडी आणि बहुतेक वेळा फोन नंबर तिथंच असतो. त्याच दिवशी सांबरा विमानतळालाही कळवा. मालक कधी उठतो याची वाट बघत बसू नका. तुमचं गाव धावपट्टीला लागूनच आहे की! विमानतळ प्राधिकरणाला कळलं तर वैमानिकांसाठी सूचना, म्हणजे नोटॅम, काढता येतो. अमेरिकेत वरचा दिवा बंद पडून अर्ध्या तासात सुरू झाला नाही, तर मालकानंच लगेच विमान खात्याला कळवायचं, असा नियम आहे.

फोनवर नुसतं 'दिवा गेलाय' म्हणू नका. वरचा की मधला? रात्रभर बंद की अधूनमधून? लाइट गेल्यावरच बंद होतो का? यावरून रिगर, म्हणजे टॉवरवर चढून काम करणारा, लागणार की खालीच काम भागणार हे ठरतं. लुकलुकत नाही म्हणून तक्रार करणारेही भेटतात. साधारण 45 मीटरपर्यंतच्या टॉवरला स्थिर लाल दिवा चालतो, तो बिघाड नव्हे.

कंट्रोल रूमला अलार्म जातो म्हणतात, पण अलार्मची वायरच तुटलेली असली तर खालून बघणाऱ्यावरच सगळं.

दुरुस्ती खालून वर करत जायची. दिवसा फोटोसेलवर, म्हणजे अंधार पडला की दिवा लावणाऱ्या सेन्सरवर, काळं कापड टाकलं आणि दिवा पेटला, तर सेल ठीक. नाहीतर एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा स्विच, मग विजेच्या झटक्यापासून वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर. वळवाच्या पावसात वीज कडाडली की हाच आधी जातो. त्यानंतर केबलचे जॉइंट आणि ग्लँड, म्हणजे केबल डब्यात शिरते तिथलं सील. पावसाळ्यात पाणी तिथूनच शिरतं. एवढं सगळं ठीक निघालं तरच रिगरनं दोन हुकांचा हार्नेस लावून वर जायचं. प्रसारणाचा टॉवर असेल तर त्याआधी ट्रान्समीटर बंद किंवा कमी करून घ्यावा लागतो. रेडिओच्या मीडियम वेव्हचा तर मास्ट, म्हणजे अख्खा खांबच, अँटेना असतो. जमिनीवर उभं राहून हात लावला तरी भाजतं. म्हणून कुंपणाच्या आत जाऊ नका. मालकाला फोटो पाठवायचा तर रस्त्यावरूनच झूम करून काढा, तारीख-वेळ दिसेल असा.