ओशन सिटीत राहायचे कुठे?

प्रश्न : मी रत्नागिरीची असून पुण्यातून हॉटेल व्यवस्थापनाची पदवी नुकतीच पूर्ण केली आहे. अमेरिकेतील मेरीलँड राज्यातल्या ओशन सिटी येथील एका हॉटेलात परदेशी विद्यार्थी-प्रशिक्षणार्थींना मिळणाऱ्या जे-१ व्हिसावर १२ महिन्यांचे प्रशिक्षण मिळाले असून मेच्या मध्याला रुजू व्हायचे आहे. राहण्याची व्यवस्था स्वतः करावी, असे हॉटेलने कळवले आहे. इंटरनेटवर ओळख झालेले एक गृहस्थ गावाबाहेर, पुलापलीकडे एक खोली देण्यास तयार आहेत. मात्र दोन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत रक्कम आजच पाठवा, नाहीतर खोली दुसऱ्याला जाईल, असे ते म्हणतात. काय करावे? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : पैसे पाठवू नका. मेरीलँडमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून राहत्या घराच्या भाडेकरारासाठी साधारणपणे एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत घेता येत नाही, त्यामुळे ही मागणीच संशयास्पद आहे. त्यात घाई केली जात आहे, आणि परदेशी पाठवलेली रक्कम परत मिळवणे किती अवघड असते हे बँकेतील कोणीही सांगेल. त्या गृहस्थांकडे घराचा पूर्ण पत्ता मागा. मेरीलँडच्या मालमत्ता कर विभागाच्या नोंदी इंटरनेटवर सर्वांसाठी खुल्या आहेत आणि पत्ता टाकला की मालकाचे नाव दिसते. ते नाव जुळले नाही, किंवा पत्ताच देण्याचे टाळले गेले, तर पुढे बोलू नका. नाव जुळले तरी तेवढ्यावर विसंबू नका, कारण खऱ्या मालकाचे नाव आणि सुट्टीसाठी दिल्या जाणाऱ्या घरांची छायाचित्रे उचलून जाहिरात करणारे लोक आहेत. व्हिडिओ कॉलवर रस्त्यावरून सुरुवात करून दार उघडून खोलीपर्यंत दाखवायला सांगा.

तुमची अडचण नीट कळण्यासाठी या गावाची घडण समजून घ्यायला हवी. ओशन सिटी म्हणजे अटलांटिक महासागर आणि खाडी यांच्यामधली सुमारे दहा मैल लांबीची वाळूची चिंचोळी पट्टी. कायम राहणारी वस्ती ७,००० च्या आसपास आहे, पण मेअखेरच्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरच्या आरंभीच्या लेबर डेपर्यंत, विशेषतः शनिवार-रविवारी, पर्यटकांची संख्या तीन लाखांपर्यंत जाते, असे सांगितले जाते. याच दिवसांत जगभरातून हजारो विद्यार्थी चार महिन्यांच्या उन्हाळी कामासाठी येतात. जे घर पर्यटकाला आठवड्याच्या दराने देता येते ते कामगाराला महिन्याच्या दराने कोण देणार? म्हणून कामगारांना बहुधा खोली नव्हे, तर खोलीतला एक बेड आठवड्याच्या भाड्याने मिळतो, आणि तुम्ही पोहोचणार आहात ते नेमके याच झुंबडीच्या तोंडावर.

माझा सल्ला असा की संपूर्ण वर्षाचे घर आत्ता शोधूच नये. सप्टेंबरच्या मध्यापर्यंतची सोय आधी करावी. लेबर डेनंतर गाव रिकामे होऊ लागते आणि अनेक मालक तीच घरे हिवाळ्यासाठी, मे महिन्यापर्यंतच्या कराराने, बऱ्याच कमी भाड्यात देतात. तुमचे प्रशिक्षणही साधारण तेव्हाच संपेल. मात्र त्याआधी हॉटेलला लेखी विचारा की ते हिवाळ्यात चालू असते का आणि प्रशिक्षणाचे तास तेव्हा कमी होतात का, कारण हे कळल्याशिवाय भाडे परवडेल की नाही याचा हिशेब मांडता येणार नाही.

पहिल्या चार महिन्यांसाठी त्याच पत्रात असेही विचारा की मागच्या वर्षीचे प्रशिक्षणार्थी कुठे राहत होते. ‘स्वतः सोय करा’ म्हणणाऱ्या हॉटेलच्या व्यवस्थापकालाही कामगारांना बेड देणारे दोन-चार घरमालक बहुधा माहीत असतात. तुमच्या व्हिसासाठीची कागदपत्रे देणाऱ्या स्पॉन्सर संस्थेलाही कळवा; येण्यापूर्वी निवासाविषयी माहिती पुरवणे हे तिचे काम आहे, आणि ते मागताना संकोच करण्याचे कारण नाही. हॉटेलने पुढे स्वतःची जागा देऊ केली तर जरूर घ्या, पण भाडे पगारातून कापणार का आणि काम सुटले तर खोली किती दिवसांत सोडावी लागेल, हे लेखी घ्या. नोकरी आणि छप्पर एकाच हाती असले की माणूस तक्रार करायला कचरतो, म्हणून हे आधीच स्पष्ट झालेले बरे.

आता पुलापलीकडच्या खोलीविषयी. पुलापलीकडची वस्ती, म्हणजे वेस्ट ओशन सिटी, नकाशावर दोन-तीन मैलांवर दिसते, परंतु मध्ये ५० क्रमांकाच्या महामार्गाचा पूल आहे, आणि रात्री अकराला कामाची पाळी संपल्यावर भरधाव गाड्यांच्या कडेने सायकल चालवत तो ओलांडावा लागतो. ओशन सिटीच्या पट्टीवर कोस्टल हायवे या मुख्य रस्त्याला लागून बससाठी आणि सायकलसाठी वेगळी मार्गिका आहे व बस गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते. त्यामुळे भाडे थोडे अधिक पडले तरी या पट्टीवरच, बसथांब्याजवळ राहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

खोली पाहताना बेड मोजा. ओशन सिटीत घर भाड्याने देण्यासाठी नगरपालिकेचा परवाना लागतो. तो दाखवायला सांगा आणि किती माणसांना राहण्याची परवानगी आहे ते विचारा. दोघींच्या खोलीत चौघींचे बेड असतील, खिडकी उघडत नसेल किंवा छतावर धुराची सूचना देणारे यंत्र नसेल, तर ती जागा नाकारा. पत्ता बदलल्यास दहा दिवसांच्या आत स्पॉन्सरला कळवणे बंधनकारक आहे. कोणी पासपोर्ट ठेवून घेऊ लागले किंवा धमकावू लागले, तर अमेरिकी परराष्ट्र खात्याची जे-१ व्हिसाधारकांसाठी १-८६६-२८३-९०९० ही आपत्कालीन मदतवाहिनी आहे. तात्काळ धोका असेल तर ९११.

अनामतीची पावती घ्या आणि पहिल्याच दिवशी भिंती, गादी, स्नानगृह यांची छायाचित्रे काढून घरमालकाला ईमेलने पाठवा. खोली सोडल्यावर ४५ दिवसांच्या आत अनामत परत करावी किंवा केलेल्या कपातीचा तपशील द्यावा, असा तिथला कायदा आहे. तोवर तुम्ही रत्नागिरीत पोहोचलेल्या असाल आणि अमेरिकी धनादेश येथे वटवणे फार कटकटीचे असते. म्हणून नवा पत्ता लेखी कळवून ठेवा आणि रक्कम जमा होईपर्यंत तिथले बँक खाते बंद करू नका.