गणितज्ञ वेंडेलिन वेर्नर वाचायला घेतोयस? मग आधी हे बघ

अरे मस्तच, पण थेट एसएलईचे (श्राम-लोवनर इव्होल्यूशन, म्हणजे रँडम वक्ररेषांचं गणित) पेपर उघडू नकोस, नवीन पोरं तिथेच गटांगळ्या खातात आणि मग म्हणतात प्रोबॅबिलिटी आपल्याला जमत नाही.

- आधी साधा रँडम वॉक. चौकटीचा कागद घे, नाणं दोनदा उडवून चारपैकी दिशा ठरव, रेघ ओढत जा, मग फक्त बाहेरची किनार गिरव. त्या किनारीची फ्रॅक्टल मिती, म्हणजे ती किती वेडीवाकडी त्याचं माप, (ब्राउनियन मोशनसाठी, म्हणजे पावलं अगदी बारीक करत नेलेल्या रँडम वॉकसाठी) ४/३ हा गणितज्ञ मँडलब्रोचा अंदाज, जो वेर्नरने लॉलर आणि श्रामसोबत सिद्ध केला.
- कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस (कॉम्प्लेक्स संख्यांवरचं कॅल्क्युलस) टाळू नकोस, सगळे टाळतात.

वेर्नरचं २००६ चं फील्ड्स मेडल (गणितातला मोठा सन्मान) वगैरे ठीक, पण पर्कोलेशनला (रँडम जाळीतून पाणी आरपार झिरपेल का, या प्रश्नाचं गणित) सध्या हात लावू नकोस. कुठे अडलास तर विचार बिनधास्त.