घरातलं शिलाई मशीन आणि महापालिकेची नोटीस

वाचकांचे प्रश्न : घर, जागा, नियम

*प्रश्न : आम्ही सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. नऊ वर्षं झाली, मी घरी ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. काम वाढलं म्हणून गेल्या दिवाळीआधी दोन जुकी मशीन घेतली. जुनं एक होतंच, तेही मोठ्या मोटरचं. मदतीला पलीकडच्या वस्तीतल्या दोघी येतात. खालच्या मजल्यावरच्यांनी आवाजाची तक्रार केली आणि आता 'निवासी जागेचा अनधिकृत वापर' अशी महापालिकेची नोटीस आली आहे. घरात शिवणकाम करणं गुन्हा आहे का? मशीन उचलून नेतील का? मिस्टरांची नोकरी गेल्यापासून घर याच कामावर चालतं. – एक वाचक*

ताई, आधी जिवाला थोडं स्वस्थ करा. घरात शिवणकाम करणं गुन्हा नाही. नियमात त्याला जागा आहे, आणि तीही शिवणकामाचं नाव घेऊन. महापालिकेच्या नगररचना विभागात माझी 31 वर्षं गेली. तुमच्यासारख्या कितीतरी जणी हातात नोटीस घेऊन माझ्या टेबलासमोर बसलेल्या मला आठवतात. नोटिशीचा कागद प्रत्येकीने इतका घडी घालघालून आणलेला असायचा की मजकूर घडीतच फाटलेला.

मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं सोडली तर डिसेंबर 2020 पासून राज्यभर एकच नियमावली लागू आहे. तिचं नाव एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली. कार्यालयात सगळे 'यूडीसीपीआर' म्हणतात. तिच्यात निवासी विभागात काय काय चालतं याची यादी आहे, आणि अगदी निव्वळ निवासी विभागातही घरगुती व्यवसायाला मुभा आहे. शिवणकाम आणि भरतकाम ही उदाहरणं तिथेच दिली आहेत. मात्र दोन अटी आहेत. काम घरातल्या माणसांनी करायचं, पगारी मजूर ठेवायचे नाहीत. आणि विजेवरचं यंत्र वापरलं तर सगळा भार मिळून 1 अश्वशक्तीच्या वर जायचा नाही. 1 अश्वशक्ती म्हणजे साधारण 746 वॅट.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमची अडचण शिवणकामाची नाही, या दोन अटींची आहे.

आज एक काम करा. प्रत्येक मशीनच्या खाली वाकून मोटर पाहा. मोटरच्या अंगावर पत्र्याची एक छोटी पट्टी असते. तेल आणि धाग्याचा भुसा बसून ती काळी झालेली असेल, ओल्या फडक्याने पुसून घ्या. तिच्यावर एच.पी. (म्हणजे अश्वशक्ती) किंवा वॅट लिहिलेलं असतं. जुकीच्या क्लच मोटरवर बहुतेक वेळा अर्धा एच.पी. सापडतो. तशा तीन मोटरी म्हणजे दीड अश्वशक्ती, म्हणजे तुम्ही मर्यादेबाहेर. तशा दोन असल्या तर बरोबर 1, म्हणजे काठावर. घरगुती मशीनला लावतात ती छोटी मोटर साधारण 100 वॅटच्या आसपास असते, तशी तीन मशीन चालवली तरी मर्यादा दूर राहते. तेव्हा 'तीन मशीन चालतात का' याचं उत्तर मशीन मोजून मिळत नाही, पट्टीवरच्या आकड्यांची बेरीज करून मिळतं. बेरीज कागदावर मांडा आणि पट्ट्यांचे फोटो काढून ठेवा. तपासणीला येणाऱ्या माणसाला तोंडी सांगितलेलं लिहून घेता येत नाही, फोटो मात्र फायलीला लावता येतो.

आता त्या दोघींचं. इथे मला तुम्हाला खरं सांगितलंच पाहिजे. तुमच्याच घरात राहणारी जाऊ, सासू किंवा मुलगी मशीनवर बसली तर नियमाची हरकत नाही. बाहेरून पगारावर येणाऱ्या दोघी या मुभेत बसत नाहीत. त्यांना भाची किंवा मावसबहीण म्हणून दाखवा, असा सल्ला कोणीतरी देईलच. तो ऐकू नका.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तपासणीला गेले होते. एका खोलीत दोन मशीन होती, एकावर बाई बसलेली, दुसऱ्याच्या पायदानावर काढून ठेवलेली चप्पल, आणि त्या मशीनवर माणूसच नाही. स्वयंपाकघराच्या दाराआड एक मुलगी उभी होती, सतरा-अठरा वर्षांची. तिच्या ओढणीला लाल धाग्यांचे तुकडे चिकटलेले होते आणि ती श्वास रोखून उभी होती. मी तिला बाहेर बोलावून बसवलं, पाणी प्यायला लावलं. अहवालात जे होतं तेच लिहिलं, दोन मशीन आणि बाहेरची एक कामगार. पण घरमालकिणीला तिथेच बसून सांगितलं की दुसरं मशीन या मुलीच्या घरी हलवा आणि काम तिकडे पाठवा. पंधरा दिवसांनी तसं झालं आणि प्रकरण बंद झालं. ती मुलगी दाराआड का उभी राहिली हे मला आजही बोचतं. नियम तिला समजेल अशा भाषेत आधी कोणी सांगितलाच नव्हता.

तुम्हालाही तोच मार्ग सुचवते. हेमिंग, हूक, काज-बटण, फॉल लावणं ही कामं नगावर त्या दोघींच्या घरी द्या. त्यांचं घर हे त्यांच्या घरगुती व्यवसायाची जागा होते, अटी तिथेही त्याच. एक मशीन त्यांच्याकडे गेलं तर तुमच्या घरातला भार उतरतो आणि त्यांचं कामही टिकतं. नगाचा हिशेब वहीत लिहा आणि त्यांच्याकडेही एक वही द्या. त्या दोघींची रोजी बुडणार नाही हे पाहूनच मार्ग काढा, एवढी माझी तुम्हाला मनापासून विनंती आहे.

नोटिशीबद्दल. ती महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 खाली असेल. वर कलम कोणतं लिहिलंय ते पाहा आणि किती मुदत दिलीय त्याखाली रेघ मारा. मुदतीच्या आत लेखी उत्तर द्यायचंच. कोणी 'मी साहेबांशी बोलतो' म्हणालं तरी उत्तर द्यायचं. उत्तर साधं असू द्या : घरात कोण कोण राहतं, काम कोण करतं, मोटरींची बेरीज किती, बाहेरच्या कामगार अमुक तारखेपासून येत नाहीत, आणि नियमावलीतल्या घरगुती व्यवसायाच्या तरतुदीप्रमाणे वापर चालू ठेवत आहे. सोबत रेशनकार्डाची प्रत आणि मोटरींचे फोटो जोडा. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नोटीस कलम 53 खालची असेल तर मुदतीत कलम 44 प्रमाणे वापर चालू ठेवण्याची परवानगीही मागता येते. ती मिळेलच असं मी म्हणणार नाही, पण दोन अटींत बसलात तर बहुधा तिची गरजच उरणार नाही.

त्याच फेरीत नगररचना विभागातून 'झोन दाखला व भाग नकाशा', म्हणजे आपला भूखंड कोणत्या विभागात येतो याचा कागद, मागून घ्या. अरुंद गल्लीतला भूखंड आणि रुंद रस्त्यावरचा भूखंड यांना निवासी विभागातही वेगवेगळी मुभा असते. उद्या काम फारच वाढलं आणि चौघींना एकत्र बसवावं लागलं, तर तळमजल्यावरचा दुकानगाळा शोधताना हाच दाखला उपयोगी पडेल.

खालच्या मजल्यावरच्यांकडे स्वतः जा. स्लॅबवरून मशीनची थरथर खाली किती उतरते ते वर बसून कळत नाही. त्यांच्या खोलीत पाच मिनिटं बसा आणि घरातल्या कोणाला तरी वर मशीन चालवायला सांगा. मग मशीनच्या पायांखाली जाड रबराची चटई घाला, मशीन भिंतीपासून वीतभर सरकवा. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. लग्नसराईतसुद्धा नऊनंतर मोटर बंद, असं त्यांना कबूल करून या. मी पाहिलेल्या बहुतेक तक्रारींची सुरुवात आवाजातून, जिन्यातल्या चपलांतून किंवा पार्किंगमधून झाली होती, नियमावलीची आठवण मागाहून आली.

विजेचं विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण पुढचा फटका तिथून बसतो. घराच्या काही भागात व्यवसाय करणाऱ्याला घरगुती दरच लागतो, पण वापर महिन्याला 300 युनिट आणि आधीच्या आर्थिक वर्षात 3600 युनिटच्या आत असला तरच. वीज नियामक आयोगाच्या दर आदेशातली ही तरतूद आहे. एप्रिल ते मार्चची 12 बिलं काढा आणि युनिटांची बेरीज करा. 3600 च्या वर जात असाल तर महावितरणकडे आपणहून जा. घरगुती मीटरवर नियमबाह्य वापर आढळला तर विद्युत कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते, आणि वापर कधीपासूनचा हे ठरवता आलं नाही तर मागचे 12 महिने धरतात.

*प्रश्न : मी भाजणी, गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला विकते. उद्यम नोंदणी केली आहे. आता 3 एच.पी.चं कांडप मशीन घेऊन इमारतीखालच्या आमच्या पार्किंगमध्ये बसवायचं आहे. उद्यम प्रमाणपत्र असल्यावर वेगळी परवानगी लागते का? – एक वाचक, नाशिक*

हो, लागते. आणि पार्किंगमध्ये ती मिळणार नाही. उद्यम नोंदणीने तुमचा उद्योग सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदला जातो, कर्जाला आणि योजनांना ती उपयोगी आहे. जागा कशासाठी वापरायची हे ती ठरवत नाही. पार्किंग मंजूर नकाशात गाड्यांसाठी दाखवलेलं असतं, त्याची नेमणूक तुमच्या नावावर असली तरी तिथे कांडप बसवता येत नाही. 3 अश्वशक्ती ही घरगुती मर्यादेच्या तिप्पट. शिवाय मिरची कांडताना उडणारी पूड! वरच्या मजल्यावर दम्याचं माणूस असलं तर त्याच्या हालांचा विचार करा.

निवडणं, भाजणं, मोजणं, पाकिटं भरणं घरी ठेवा आणि कांडायला डंक्यावर द्या. भाजणीसाठी 1 एच.पी.ची घरघंटी मर्यादेत बसते, फक्त त्याच वेळी दुसरं व्यवसायाचं यंत्र नको. मसाला भाजताना खिडकी कोणाच्या दिशेने उघडते तेही पाहा. मिरचीचा ठसका जिन्यात उतरला की वर्षभराचा शेजारधर्म एका दुपारी संपतो.

तुमच्या पत्रात ज्याचा उल्लेख नाही ते जास्त महत्त्वाचं आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 प्रमाणे घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही नोंदणी लागते. लहान व्यवसायाला परवान्याऐवजी नुसती नोंदणी पुरते, आणि ती ऑनलाइन होते. माझ्या मैत्रिणीची नोंदणी मी करून दिली तेव्हा वर्षाला 100 रुपये शुल्क होतं. मिळणारा 14 अंकी क्रमांक पाकिटावर छापा. दुसरं, घरगुती लाल सिलिंडरवर विक्रीचा माल भाजू नका. 14.2 किलोचा तो घरच्या स्वयंपाकासाठीच आहे, धंद्यासाठी 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. तो ठेवायला हवेशीर जागा आहे का, हे वितरकाला घरी बोलावून दाखवा.

*प्रश्न : मी निवृत्त आहे. राहत्या फ्लॅटच्या एका खोलीत आयकर विवरणपत्रं भरून देण्याचं काम करतो. नोकर नाही, पाटी नाही. सोसायटीने 'व्यवसाय करता' म्हणून बिनभोगवटा शुल्क लावलं आहे. भरावं का? – एक वाचक, पुणे*

काका, हे शुल्क तुम्हाला लागूच होत नाही. सभासद स्वतः राहत नसेल आणि फ्लॅट भाड्याने दिला असेल तेव्हाच बिनभोगवटा शुल्क घेता येतं. त्यालाही 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशाने सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांची मर्यादा आहे. तुम्ही तिथेच राहता. सचिवांना हे लेखी कळवा, देखभालीचं नेहमीचं बिल मात्र वेळेवर भरत राहा, म्हणजे थकबाकीदार ठरणार नाही. समितीने ऐकलं नाही तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज करा.

एक खबरदारी घ्या. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मिळकत करात 40 टक्के सवलत आहे. खोलीचा वापर निवासीच राहिला आहे असं दिसलं पाहिजे. कपाटभर फायली आणि एक टेबल चालेल, पण त्या खोलीला बाहेरून वेगळं दार पाडू नका आणि जिन्यात खुर्च्या मांडू नका. जुलैत विवरणपत्रांची गर्दी होते तेव्हा लोकांना वेळ ठरवून एकेक करून बोलवा.