दुसरी नोकरी धराच्या आधी पेट्रोल मोज

भाऊ, लेकरू झालं म्हणून तू दुसरी नोकरी धराचं म्हणतोस. लेकरू झालं की पैशाची धास्ती बसतेच, मलेही बसली होती. दिवसा दुकान अन् रात्री जिनिंगच्या (कापसातली सरकी काढाच्या कारखान्याच्या) वजनकाट्यावर पावत्या लिहाचं काम धरलं, कापसाचा पूर्ण सीझन. महिन्याले पगार ६,००० अन् त्यातून पेट्रोल २,०००, चहा-खर्रा (तंबाखू-सुपारी) १,०००, उरले किती तूच सांग! घरी पोचलो की पोरगी झोपलेली, एक दिवस तर सकाळी मले पाहून आईच्या मांगं लपली.

म्हणून पयले वहीत महिनाभर खर्च लिही, खर्राही लिही, लाजू नको. हप्त्याच्या कर्जात ज्याचं व्याज सगळ्यात जास्त हाय ते आधी मोकळं कर. पीककर्ज मात्र मुदतीत भर, ३ लाखांपर्यंत व्याज शून्य पडते, तारीख चुकली की गेली सवलत. पोरगी असन तर पोस्टात सुकन्या समृद्धीचं (पोरीच्या नावानं बचतीचं) खातं २५० रुपयांतही उघडते.

तरी नाईच भागलं तर काम धर, पण गावातलंच अन् सीझनपुरतं, अन् वहिनीले विचारून, कारण रात्री लेकरू रडलं तर उठन कोण?